आनंदीबाईंना मॅच दाखवायची होती, एवढंच

मुळात काम दहा मिनिटांचं होतं. आमच्या हॉलमधला त्रेचाळीस इंची टीव्ही भिंतीवरून उतरवायचा, बाहेर खळ्यात, म्हणजे अंगणात, टेबलावर ठेवायचा, समोर दोन चटया टाकायच्या आणि शेजारच्या आनंदीबाईंना त्यांच्या मुलीची मॅच दाखवायची. दहा मिनिटं. चहा धरून पंधरा.

हे आधीच नोंदवून ठेवतो, कारण पुढे जे घडलं त्याच्या आमच्या कोंडवाडीत चार वेगवेगळ्या हकिकती प्रचलित आहेत आणि चारही हकिकतींच्या शेवटी "ह्यां सगळां धुरींमुळे झालां" असं एक वाक्य येतं. धुरी म्हणजे मी. तालुक्याच्या एका कचेरीत तेहतीस वर्षं काढून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो. माझ्या हातच्या फायलीत कधी कुणाला त्रुटी सापडली नाही. त्रुटी मी काढायचो, इतरांच्या फायलींत.

आनंदीबाईंची मुलगी संचिता. वय बावीस, डावखुरी फिरकी गोलंदाज. डिसेंबरात ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाणाऱ्या भारतीय महिला संघात एकदिवसीय सामन्यांसाठी तिची निवड झाली. धामापूरच्या तलावापासून दोन मैलांवरची आमची वाडी. इथून आजवर परदेशी गेलेली माणसं म्हणजे आखातात गेलेले दोघे आणि जहाजावर आचारी म्हणून गेलेला पेद्रू. खेळायला म्हणून कुणी परदेशी गेल्याचं ऐकिवात नव्हतं. खेळायला आमच्याकडचे लोक फार तर कणकवलीपर्यंत जातात, आणि तेही पत्ते.

आनंदीबाई काजूच्या कारखान्यात कामाला जातात. त्यांच्या घरी टीव्ही आहे, पण तो जुना, पेटीएवढा, आणि गेल्या गणपतीपासून त्यावर सगळी माणसं हिरवी दिसतात.

"चलता," त्या मला म्हणाल्या. "माझां चेडू हिरवां दिसलां तरी मी वळखतलंय."

तेव्हा मी मोठ्या मनाने म्हणालो, "आनंदीबाई, मॅच तुम्ही आमच्या खळ्यात बसून बघायची. रंगीत."

चूक एवढीच झाली, की मी हे दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी उभा राहून मोठ्याने म्हणालो. मोठ्या मनाने बोलताना माझा आवाज आपोआप मोठा होतो. गडग्यापलीकडे पेद्रू माडाला पाणी घालत होता. त्याने पाइप खाली ठेवला.

"धुरीनू, ऑस्ट्रेलियाचा माका इचारा," तो म्हणाला. "सिडनीक मी चार वेळा गेलंय. थंयसर वारो असता. चेंडू हवेत वळता."

पेद्रूने चारही वेळा सिडनीचं फक्त बंदर पाहिलं होतं आणि त्यातही बराचसा वेळ जहाजाच्या भटारखान्याच्या खिडकीतून. पण कोंडवाडीत ऑस्ट्रेलिया या विषयावर त्याच्याहून मोठा जाणकार नसल्यामुळे तो मॅचला येणार हे ठरलं. त्याची बायको आपोलिना म्हणाली, मी बटाटेवडे करीन. वडे म्हटल्यावर संध्याकाळपर्यंत माणसांचा आकडा वीसवर गेला. दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या बेचाळीस बायकांनी आपण येत असल्याचं कळवलं. विचारलं नाही, कळवलं.

तिसऱ्या दिवशी सरपंच बाबली गाडी घेऊन आला आणि गाडीवरून न उतरताच खळ्याकडे बघून म्हणाला, "ह्या खळ्यात काय होवचा नाय. शाळेच्या मैदानात घालूया. पोरगी गावाची आसा, तुमच्या एकट्याची नाय."

"पण ती खेळणार आहे ना नक्की?" मी विचारलं. कागदोपत्री माणूस मी, असे प्रश्न मला सुचतात.

"खेळतलीच. खेळवची नाय तर इतक्या लांब न्हेल्यानी कित्याक?"

हा युक्तिवाद सर्वांना पटला. मलाही पटला. पंधरा जणींचा संघ असतो आणि खेळतात अकरा, हे गणित आमच्या वाडीत त्या क्षणी कुणीही केलं नाही. समिती मात्र स्थापन झाली आणि मी अध्यक्ष झालो. "तुमका कागद कळतत," असं बाबली म्हणाला, आणि माणसाला कशाने भुरळ पडेल ते सांगता येत नाही, मला त्या वाक्याने पडली.

मैदानात मंडप म्हणजे परवानगी. परवानगी म्हणजे माझंच जुनं ऑफिस. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. वाटलं होतं, लोक उठून उभे राहतील. शिपाई उठला, पण तो जेवायला चालला होता. माझ्या खुर्चीवर आता अक्षया बसते. मीच तिला कामाला लावलं, फाइल कशी बांधायची इथपासून शिकवलं. तिने माझ्यासाठी चहा मागवला आणि मग अर्ज वाचला. हा क्रमही मीच शिकवलेला.

"सर, कार्यक्रमाचा प्रकार लिहिला नाहीत."

"टीव्ही बघणे."

"तसा प्रकार नाही. धार्मिक, राजकीय, विवाह किंवा क्रीडा. यातलं एक."

"क्रीडा लिही."

"मग खेळाडूंची यादी, त्यांचे वैद्यकीय दाखले आणि ज्या मैदानावर खेळ होणार त्या मैदानाचं ना हरकत."

"अगं, खेळ ऑस्ट्रेलियात होणार आहे!"

"मग त्यांचं जोडा, सर."

मी चहाचा कप खाली ठेवला. "हा असला नमुना केला कुठल्या शहाण्याने?"

अक्षया खुर्चीवरून उठली. तिने कपाटातून एक जुनी फाइल काढली, पान उलटलं आणि माझ्यापुढे ठेवलं. मसुदा तयार करणार या शब्दांपुढे माझी सही होती. चांगली, वळणदार, पूर्ण सही. त्या काळी माझी सही फार छान होती.

"तुम्हीच सांगायचात सर, नमुना म्हणजे नमुना."

मला तिचा अभिमानही वाटला आणि तिला मेमो द्यावासाही वाटला. शेवटी तिलाच दया आली. इकडेतिकडे बघून ती हळू आवाजात म्हणाली, "विवाहाला सगळ्यात कमी कागद लागतात. मुलीचं नाव आणि तारीख, बस्स."

अशा रीतीने "कु. संचिता हिच्या विवाहानिमित्त मंडप व ध्वनिक्षेपक" अशी रीतसर परवानगी घेऊन मी घरी आलो आणि नियमाप्रमाणे तिची एक प्रत मंडपाच्या खांबाला चिकटवली. संध्याकाळी आनंदीबाई कारखान्यातून थेट माझ्या दारात.

"भावजी, माझ्या चेडवाचा लगीन कोणाबरोबर लावलास तां तरी सांगा."

त्यांना समजावण्यात एक तास गेला. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माका फक्त मॅच बघूची होती हो." मी म्हणालो, "तुमच्यासाठीच तर चाललंय सगळं." हे वाक्य मी पुढच्या आठवड्यात त्यांना किमान दहा वेळा ऐकवलं.

आता पडदा. शाळेतला प्रोजेक्टर मिळाला, पांढरं कापड मिळालं. सामन्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी सात वाजता आम्ही चाचणी घेतली. अप्रतिम! एवढं मोठं, एवढं स्पष्ट चित्र कोंडवाडीने पाहिलं नव्हतं. कुठल्याशा जुन्या मॅचमधल्या यष्टिरक्षक बाईच्या हातमोज्याची शिलाईसुद्धा मोजता येत होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी सगळ्यांचे आभार मानणारं छोटंसं भाषण केलं. सगळे पांगायला लागले तेव्हा पेद्रू दाढी खाजवत म्हणाला, "धुरीनू, मॅच सकाळी नवाक आसा मां?"

"हो. तिकडे तेव्हा दुपार असते."

"मगे सकाळी नवाक उजेड असतलो. उजेडात ह्यां दिसतला कसा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता पुन्हा चाचणी घेतली. पडद्यावर पांढरं कापड स्वच्छ दिसत होतं. मॅच कुठेच नव्हती. मंडपाला चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधून अंधार करून पाहिला. चित्र अंधूक दिसायला लागलं, पण आतली माणसंही अंधूक व्हायला लागली. बचत गटाच्या अध्यक्षांना बाहेर आणून वारा घालावा लागला.

उपाय सरपंचांनी आणला, आणि तिथून हा कार्यक्रम माझ्या हातून सुटला. सत्यवानशेठ नावाचे एक गृहस्थ आमच्या भागात आहेत. ते काय करतात हे नीटसं कुणाला माहीत नाही, पण त्यांच्या नावामागे 'भावी जिल्हा परिषद सदस्य' असं लिहिलेलं असतं. गेल्या दोन निवडणुकांपासून ते भावीच आहेत. त्यांच्याकडे एलईडीची भलीमोठी भिंत होती, ट्रकवर बसवलेली, भर उन्हातही दिसणारी. ती ते आनंदाने देणार होते. अट कसलीच नव्हती. फक्त व्यासपीठ, एक बॅनर, दोन शब्द आणि त्यांच्या कार्यावरची एक छोटी फिल्म.

बॅनर त्याच संध्याकाळी लागला. पंधरा फूट बाय वीस. वर सत्यवानशेठ, हात जोडलेले. त्यांच्या भोवती निरनिराळ्या आकारांत पक्षाचे नेते, तालुक्याचे, जिल्ह्याचे, युवकांचे. मी मोजले, शेठ धरून अकरा होते. बारावा फोटो संचिताचा, खाली उजव्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठा. "पदार्पणाबद्दल हार्दिक अभिनंदन." शुभेच्छुकांत माझं नाव शोधायला मला चष्मा पुसावा लागला. समस्त ग्रामस्थांच्या नंतर, 'व इतर' च्या आधी ते होतं.

सामन्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता मैदान भरलं. चारशे माणूस सहज. नांदगावाहून आनंदीबाईंचे भाऊ आले होते. आपोलिनाने शाळेच्या मागच्या पोषण आहाराच्या खोलीत चूल पेटवून वड्यांचा घाणा सुरू केला होता. व्यासपीठावर लाल सोफा मांडला होता. सत्यवानशेठ आले, त्यांनी आनंदीबाईंना हार घातला, शाल दिली, नारळ दिला, पुन्हा एकदा फोटोग्राफरसाठी दिला आणि त्यांना सन्मानाने सोफ्यावर मधोमध बसवलं. सोफ्याचं तोंड लोकांकडे होतं आणि एलईडीची भिंत सोफ्याच्या बरोबर मागे.

म्हणजे चारशे माणसांना मॅच दिसत होती आणि आनंदीबाईंना चारशे माणसं.

त्या मान वळवून बघायचा प्रयत्न करत होत्या, पण शेजारी सत्यवानशेठ बसलेले. त्यांच्याकडे पाठ कशी करायची? मला हे दिसत होतं. मी दोनदा उठलोही. पण सूत्रसंचालक मीच होतो, माझ्या हातात माइक होता, आणि हातात माइक आला की मला दुसरं काही सुचत नाही हा माझा जुना दोष आहे.

नाणेफेक झाली. भारताने क्षेत्ररक्षण घेतलं. लोक ओरडले. मग पडद्यावर अकरा जणींची नावं एकेक करून यायला लागली. पाच आली, सहा आली. आठव्या नावाला मैदान शांत झालं. अकरावं नाव आलं आणि गेलं. कुणीतरी म्हणालं, "खालती अजून असतीत, जरा सरकव." पण खाली काही नव्हतं.

चारशे माणसं पडद्याकडून नजर काढून हळूहळू माझ्याकडे बघायला लागली. जसा काही ऑस्ट्रेलियात संघ मी निवडला होता.

मी माइकवर म्हणालो, "तांत्रिक कारणास्तव..." आणि पुढे मला शब्द सापडेनात. तेहतीस वर्षांत असं झालं नव्हतं. सत्यवानशेठांनी माझ्या हातून माइक घेतला, पण त्यांनाही परिस्थिती नीटशी कळलेली नव्हती. त्यांच्या माणसाने त्यांच्या हातात एक चिठ्ठी दिली होती, आणि ती चिठ्ठी बहुधा मंडपाच्या खांबावरचा कागद वाचून लिहिली होती. "आज या मंगल प्रसंगी," ते म्हणाले, "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी संचिता आणि त्यांच्या होणाऱ्या यजमानांना मी माझ्या पक्षातर्फे..."

लोक हसायला लागले. आनंदीबाईंनी डोक्याला हात लावला.

एवढ्यात पडद्यावर पहिला ड्रिंक्स ब्रेक झाला आणि सीमारेषेवरून दोघी मुली हातात बाटल्या घेऊन धावत आल्या. त्यातली डावीकडची, वेणी बांधलेली, संचिता.

"इली गो इली!" बचत गटातून कुणीतरी किंचाळलं आणि मैदान उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या, फटाक्यांची माळसुद्धा. पाणी आणल्याबद्दल एवढा जल्लोष क्रिकेटमध्ये कुठे झाला असेल असं मला वाटत नाही. कर्णधार संचिताने दिलेलं पाणी प्यायली तेव्हा पेद्रू डोळे पुसत म्हणाला, "तिच्या हातचा पाणी पिता ती, बघ!"

आनंदीबाई सोफ्यावर अर्धवट वळल्या होत्या. त्यांना भिंतीचे नुसते दिवे दिसत असणार, लाल, हिरवे, निळे, हातभर अंतरावरून. त्या उठल्या. शाल काढून सोफ्यावर ठेवली, नारळ त्यावर ठेवला आणि व्यासपीठाच्या मागच्या बाजूने उतरून गेल्या. मला वाटलं, पाणी प्यायला गेल्या असतील.

मग भाषणं झाली. लोक होते, व्यासपीठ होतं, त्यामुळे होणारच. मीही केलं, आणि इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी म्हणालो, "संचिताला लहानपणापासून मी जवळून पाहिलं आहे. तिच्या खेळाला माझं सदैव प्रोत्साहन राहिलं आहे." पेद्रूला त्याच वेळी मोठा खोकला आला. खरी गोष्ट अशी, की संचिता बारा वर्षांची असताना रोज संध्याकाळी आमच्या गडग्यावर चेंडू टाकायची, आणि एक दिवस आमच्या पडवीची दोन कौलं फुटली. तेव्हा मी तंटामुक्ती समितीकडे लेखी तक्रार केली होती. तीन प्रतींत. आनंदीबाईंनी कौलं आणून दिली आणि पोरीला त्यानंतर मळ्यात, कापणी झालेल्या शेतात खेळायला पाठवलं. मातीच्या ढेकळांवर चेंडू कसाही वळतो. तिची फिरकी तिथेच तयार झाली, असं आता पेपरात येतं. त्या अर्थाने प्रोत्साहन माझंच. पण हे मी माइकवर बोललो नाही.

भाषणांनंतर सत्यवानशेठांची छोटी फिल्म. मॅच बंद झाली आणि त्याच पडद्यावर 'विकासाची वाटचाल' सुरू झाली. सत्यवानशेठ आंबोलीच्या धबधब्याकडे बघताना. सत्यवानशेठ मोरीच्या पुलाचं उद्घाटन करताना. सत्यवानशेठ काजूच्या कलमाला पाणी घालताना, शेजारी कलमाचा खरा मालक झारी धरून. लोक सहनशील आहेत आमचे. वडे येत होते, ते खात होते.

फिल्ममध्ये सत्यवानशेठ एका म्हशीला लस टोचत असताना शाळेच्या मागून एक आरोळी आली.

"धरल्यान! माझ्या चेडवान धरल्यान!"

लोकांनी माना वळवल्या. मग आपोलिना पिठाचे हात तसेच वर करून धावत आली. "संचितान कॅच घेतल्यान रे! कोणाचो तरी पाय मुरगळलो, ती बदली खेळूक गेली, आणि कॅच घेतल्यान! आडवी पडान!"

"मॅच लाव! मॅच लाव!" चारशे माणसं ओरडली. ट्रकवरचा ऑपरेटर गोंधळला, त्याने काहीतरी दाबलं, म्हैस दोनदा मागेपुढे झाली, पडदा काळा झाला, आणि जेव्हा मॅच आली तेव्हा मॅच नव्हती, जाहिरात होती. जाहिरातीनंतर पुढचं षटक सुरू झालं होतं. संचिता सीमारेषेवर उभी होती, गुडघ्याला माती लागलेली, आणि कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारत होतं. झेल दाखवला असेल तर तो म्हशीच्या वेळी दाखवून झाला होता.

लोकांनी खिशातून मोबाइल काढले. चारशे जणांनी एकाच वेळी एकच गोष्ट शोधल्यावर आमच्या भागातल्या टॉवरने जे करायचं तेच केलं. नेट गेलं. जे बघायला गाव गोळा झालं होतं ते गावाला दिसलंच नाही.

म्हणजे आख्ख्या कोंडवाडीत हा झेल दोघींनी पाहिला होता. आपोलिनाच्या फोनवर, पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या, वीतभर पडद्यावर. एक आपोलिना, आणि तिचं लक्ष निम्मं कढईत. दुसऱ्या आनंदीबाई.

वातावरण तापलं. सत्यवानशेठांना एकदम दुसऱ्या कार्यक्रमाची आठवण झाली आणि ते निघाले. त्यांच्याबरोबर एलईडीची भिंतही निघाली, कारण ती त्या कार्यक्रमालाही लागणार होती. बाबली सरपंच त्यांना सोडायला म्हणून गेला तो परत आला नाही. मंडपात उरलो मी, अध्यक्ष, आणि चारशे माणसं.

"धुरीनू, आता काय करूचा?" पेद्रूने विचारलं. सगळ्यांच्या मनातला प्रश्न होता आणि त्यात धुरीनू हा शब्द फार स्पष्ट होता.

मी व्यासपीठावरून उतरलो. शाळेच्या मागे गेलो. आनंदीबाई पायरीवर बसल्या होत्या, फोन मांडीवर. चेहरा लाल झालेला, चुलीने की कशाने कोण जाणे. हात जोडले आणि म्हणालो, "आनंदीबाई, चुकलं माझं. तुम्हाला मॅच दाखवायची होती. मी तुमची पाठ केली तिकडे."

लेखी नाही, प्रती नाहीत. तोंडी. मला ते जड गेलं.

त्यांनी फोन पदराने पुसला. मग म्हणाल्या, "लोकांनी बघूक नाय काय हो?"

"कुणीच नाही."

"अरे द्येवा." त्यांना खरंच वाईट वाटलं. चारशे माणसांचं. त्या उठल्या, पदर कमरेला खोचला. "चला. मी दाखवतंय."

"काय?"

"कॅच. चला तुमी. कोणीतरी मारूक होयो."

त्या मैदानाच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि हातवारे करून लोकांना मागे सारलं. लोकांना वाटलं, भाषण आहे, काहीजण निघायला लागले. मग त्या बोलायला लागल्या, माइकशिवाय. "संचिता हय होती. माडाच्या खालती. ती उंच बाई हयसून मारता. पेद्रूबाब, तुमी चेंडू टाका. भावजी, तुमी ती बाई."

ऑस्ट्रेलियाची सलामीची फलंदाज म्हणून माझी नेमणूक अशी झाली. मंडपाच्या बाकड्याची एक सुटी फळी माझ्या हातात दिली. चेंडू नव्हता, आपोलिनाने एक टणक बटाटा दिला. चारशे माणसं गोल करून उभी राहिली. मी आयुष्यात बॅट धरलेली नव्हती आणि धोतराऐवजी पँट घातल्याबद्दल मी त्या दिवशी देवाचे आभार मानले.

पेद्रूने पहिला बटाटा टाकला. मी फळी फिरवली. बटाटा मागे गेला. "ती बाई अशी खेळत नव्हती," आनंदीबाई लांबून म्हणाल्या. लोक हसले. दुसराही मागे गेला. बचत गटाच्या अध्यक्षा म्हणाल्या, "हेंका बसवा, दुसरो कोण तरी घ्या." माझे कान तापले. तेहतीस वर्षं लोक माझ्यापुढे उभे राहिले होते, आणि इथे मला एक बटाटा लागत नव्हता.

तिसऱ्याला मी डोळे मिटून फळी फिरवली. काहीतरी लागलं.

डोळे उघडले तेव्हा बटाटा आभाळात होता. फार वर. माडांच्या झावळ्यांच्याही वर, आणि आनंदीबाईंपासून बराच लांब, डाव्या बाजूला पडेल असा. मला वाटलं, संपलं. ही बाई पन्नाशीची, रोज आठ तास मांडी घालून काजू फोडते, गुडघे दुखतात म्हणून जत्रेतही बसून राहते. पडली तर? सुटला तर? चारशे माणसं हसतील, आणि या वेळी माझ्यावर नाही.

आनंदीबाई धावल्या. वर बघत, चपला मागे टाकून, लुगड्याचा काष्टा घट्ट. हात पुढे केले, मग एकदम काही तरी आठवल्यासारखे ते डावीकडे नेले, आणि शेवटच्या दोन पावलांना त्या पुढे झेपावल्या. धूळ उडाली.

धूळ खाली बसली. आनंदीबाई आडव्या पडलेल्या होत्या आणि त्यांचा उजवा हात वर होता. हातात बटाटा.

मग जे झालं त्याला आवाज हा शब्द अपुरा आहे. पेद्रूने माझ्याकडे बघून बोट वर केलं, "आऊट!" मी निघालो. चौकशी मागितली नाही, हरकत घेतली नाही. फळी काखेत धरून मैदानाबाहेर गेलो.

"परत! परत दाखवा!" लोक ओरडायला लागले. आणि आनंदीबाईंनी परत दाखवला. एकदा हळूहळू, धावणं, वळणं, झेपावणं सगळं संथ, टीव्हीवर दाखवतात तसं. एकदा शाळेच्या बाजूने, म्हणजे त्या बाजूच्यांना दिसावं म्हणून. एकदा फक्त बायकांसाठी. पाचव्या वेळी बटाटा फुटला, तेव्हा लोकांनी त्यांना सोडलं.

दुपारी मी टीव्ही खळ्यात आणला. वायर पुरली नाही, पेद्रूने दोन तुकडे जोडून ती पुरवली. भारत हरला, थोडक्यात. आम्ही चौघंच बघत होतो, मी, पेद्रू, आपोलिना आणि आनंदीबाई, त्यांचे पाय गरम पाण्याच्या बादलीत. शेवटच्या षटकांत संचिता पुन्हा दोनदा पाणी घेऊन धावली, आणि दोन्ही वेळा आनंदीबाई म्हणाल्या, "सावकाश गो."

टॉवर परत चालू झाला तेव्हा साडेपाच वाजले असतील. त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो कानाला लावला नाही, समोर धरला. संचिताचा आवाज फुटत येत होता, मागे बसचा गोंगाट.

"आये! बघितलस?"

आनंदीबाईंनी पाय बादलीतून बाहेर काढले आणि नीट बसल्या.

"बघलंय गो," त्या म्हणाल्या. "आणि सगळ्या गावाक दाखवलंयसुद्धा."